उरलेले दोन कप

सकाळचे सात. नाझेलीच्या हातून कप सुटला.
सुटला कसला, उडाला;
कोपराला कोणी आतून टिचकी मारावी तसा.
"झोपेतच वावरते ही," म्हणत वहिनी केरसुणी आणायला गेली.
मी तुकडे बघत बसले.
सहाच्या संचातले चार गेले आता.
त्यातले दोन माझ्या हातचे, छत्तीस वर्षांपूर्वीचे.

आमच्या ग्युम्रीत कॉफी संपली की
कप बशीवर उपडा घालतात.
गाळाच्या ओघळांत कुणाला वाट दिसते, कुणाला पक्षी, कुणाला नवरा.
माझा कप उपडा घालायच्या आधीच फुटायचा.

जाग आल्यावरचा पहिला तास वाईट.
खांदा उडतो, कंगवा उडतो,
दात घासायचा ब्रश आरशावर आपटतो.
शुद्ध शाबूत असते, म्हणून कोणी आजार म्हणत नाही,
धांदरट म्हणतात.
मग चुलतभावाच्या लग्नात पहाटेपर्यंत नाच,
दोन घोट जर्दाळूची दारू,
आणि सकाळी न्हाणीघराच्या दारात
सगळं अंग एकदम.
जीभ चावलेली, कपडे ओले,
रात्रभर कुणी लाकडं फोडून घेतल्यासारखे दंड.
अवेतिकच्या घरच्यांनी त्याच आठवड्यात अंगठी परत मागितली.
अगदी नम्रपणे. येताना मिठाईही आणली होती.

आमचे वडील शाळेत असताना वर्गात थिजायचे,
दहा सेकंद, पापण्या फडफडत.
मास्तरांची पट्टी पडेपर्यंत ते परत आलेले असत.
मार कशाबद्दल, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.
पुढे ते थिजणं गेलं. घड्याळं दुरुस्त करायचे ते.
त्यांची हरवलेली दहा-दहा सेकंदं आणि माझे दोन कप
आम्ही कधी एका ओळीत मांडले नाहीत.

येरेवानच्या रस्त्याला पॉप्लरची रांग लागली.
ऊन, सावली, ऊन, सावली, ऊन.
मी एका डोळ्यावर तळहात ठेवला, नेहमीसारखा.
ह्रांतने आरशात पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला:
मागच्या सीटवर त्याची बहीण, त्याची मुलगी,
दोघींचा उजवा डोळा झाकलेला.
तिला हे मी शिकवलं नव्हतं.

डोक्याला तारा चिकटवल्या. जोरजोरात श्वास घ्यायला लावला.
मग दिवा लुकलुकवला.
कागदावर टोकं उठली, डावीकडे, उजवीकडे, एकाच क्षणी.
मी मोज्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली.
मुख्य खटका दाबला की सगळी यंत्रं मिळून धडधडायची,
पहिलं कुठलं, सांगता यायचं नाही.
तसंच होतं ते.

"तुमच्याकडून आलं," वहिनी मला म्हणाली,
फार हळू, पण म्हणाली.
डॉक्टर ओहान्यान चष्मा पुसत राहिल्या.
एकच जनुक क्वचितच सापडतं यात, म्हणाल्या.
बारीकसारीक कितीतरी अक्षरं, थोडी इकडची, थोडी तिकडची,
सुटी असतील तर कुणाच्या केसालाही धक्का नाही.
ह्रांतने ती वाहून आणली आणि त्याला काही झालं नाही.
"तुमच्या माहेरी कुणाला लहानपणी तापात झटके?"
वहिनी पर्सचा बंद सरळ करू लागली.
मग म्हणाली, धाकट्या भावाला. दोनदा.

रक्ताच्या अहवालात एक अक्षर वेगळं निघालं.
त्यापुढे छापलं होतं: अर्थ अनिश्चित.

एक गोळी डॉक्टरांनी लिहिता लिहिता टाळली.
मुलगी आहे, उद्या आई व्हायचं म्हणेल, पोटातल्या बाळाला ती बाधते.
दुसरी दिली. रोज, न चुकता.
आणि झोप. सगळ्यात आधी झोप.
माझ्या वेळी कुणी झोपेचं बोललं नव्हतं,
पाद्र्याने डोक्यावर पोथी तेवढी धरली होती.

वहिनीने स्टीलचे मग आणले. ते अजून खोक्यातच आहेत.
संध्याकाळी हात शहाणे असतात,
तेव्हा नाझेली उरलेल्या दोन कपांत कॉफी ओतते.
काल तिने माझा कप उपडा घातला,
थंड होऊ दिला, उचलला, दिव्याजवळ नेला.
"काय दिसतंय?"
बराच वेळ बघत राहिली.
"अर्थ अनिश्चित, आत्या," म्हणाली,
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की वहिनी धावत आली, काय फुटलं म्हणून.